वाडीतलं दुकान दसऱ्यानंतर बंद होणार म्हणतात

पाखाडी | सोमवार, रात्री ९.४०

परवा कुरिअरवाल्याचा फोन आला. "ताई, पाखाडीच्या पुढे गाडी येत नाही, दुकानात ठेवून जातो." पाखाडी म्हणजे वाडीतली दगडी पायऱ्यांची वाट. हे नेहमीचंच आहे. हर्णैच्या आसपासच्या आमच्या वाड्यांत घरांना नंबर नाहीत. पत्ता म्हणजे "दुकानाच्या वरच्या अंगाला, फणसाजवळचं घर". त्यामुळे अख्ख्या वाडीची पार्सलं काकांच्या दुकानात उतरतात आणि ज्याचं तो संध्याकाळी घेऊन जातो.

तिन्हीसांजेला गेले. काकांनी फळीखालून खोका काढला. पावसात त्याचा एक कोपरा भिजून फाटला होता आणि आतली तूरडाळीची पिशवी दिसत होती. पाच किलोची. काकांनी ती बघितली आणि मी बघितलं हेही त्यांनी बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. आतून साखरेची रिकामी गोणी आणली, खोका तीत सरकवला, सुतळीचे दोन फेरे घेतले आणि म्हणाले, "घरी गेलीस की लगेच डब्यात ओत गो. ओल धरली तर जाळी लागेल." त्यांच्या मागेच डाळीचं पोतं होतं, तोंड दुमडलेलं, आत ॲल्युमिनियमचं माप खोचलेलं. मी मागवलेली डाळ किलोमागे चौदा रुपयांनी स्वस्त होती.

गाठ मारता मारताच म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. मग फळ्या लावून टाकतो."

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आमचे हे बोटीवर जातात. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की बोट किनाऱ्यावर शाकारलेली, आणि दोन महिने घरात एक पैसा येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांच्या वहीत आमचं नवं पान सुरू होतं. तांदूळ, तेल, चहापावडर, साखर, मुलांच्या वह्या, सासूबाईंचा बाम. बंदी उठली, बोटी पाण्यात गेल्या, पहिला-दुसरा वाटा हातात पडला की थोडं थोडं करून फेडायचं. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. कुठली बँक मला जूनमध्ये दोन महिन्यांचं जेवण देईल? आणि कुठलं ॲप?

या वेळी पहिला वाटा हातात आला आणि त्या पैशातून मी ही डाळ मागवली. काकांचं पान अजून अर्धं बाकी आहे.

हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहायचंच असं ठरवून बसले आहे. कारण हे एकट्या माझं नाही. आमच्या वाडीत आता सगळ्यांचंच असं झालंय. हातात रोख असली की दापोलीला जाऊन महिन्याचं सामान भरायचं, मोबाईलवर साबण-तेल मागवायचं. काकांकडून काय न्यायचं, तर काडेपेटी, कोथिंबीर, पाच रुपयांचा बिस्किटपुडा. आणि हात आखडला की परत वही. रोख बाहेर आणि उधार गावात. असं दुकान चालेल तरी कसं?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा दुकानाचे अर्धे पत्रे उडाले होते. दुसऱ्या दिवशी काकांनी वर ताडपत्री ओढली आणि दुकान उघडलं. वीज कित्येक दिवस नव्हती. मेणबत्त्या, काडेपेट्या, घासलेटचा शिल्लक साठा, सगळं नेहमीच्या भावाने दिलं आणि घरटी मोजून दिलं, म्हणजे कोणाला मिळालं नाही असं होऊ नये. आधी लॉकडाऊन, त्यात वादळ, कोणाकडे रोख नव्हती. वही भरत गेली. त्या वहीतलं सगळं वसूल झालं असेल असं मला वाटत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्याकडे असं दुकान बंद झालंय का, आणि झालं तेव्हा काय काय गेलं? आणि कोणी ते टिकवलं असेल तर नेमकं काय केलं?

गावचा_डोंबिवलीत | सोमवार, रात्री १०.२५

पाखाडीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो. आई गावात एकटी असते, गुहागरच्या अलीकडे. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली. मला मुंबईत कळायचं काही साधन नव्हतं, फोन ओटीवर वाजत होता. दुकानदारांच्या लक्षात आलं की ही रोज सकाळी दुधाची पिशवी न्यायला येते, आज आली नाही. नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मुलाला पाठवलं. तो मागच्या दाराने आत गेला.

आणि मी दर गणपतीला गाडीची डिकी डोंबिवलीतूनच भरून नेतो. रवा, साखर, तूप, अगदी गूळ आणि नारळसुद्धा. कोकणात नारळ नेतो! आई दर वेळी म्हणते, "अरे, इथे दुकान आहे ना." मी ते कधी कानावर घेतलं नाही.

चौकटीतली | मंगळवार, सकाळी ७.१०

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझा पगार महिना चौदा हजार आहे. दोन मुलं, सासरे आजारी. किलोमागे चौदा रुपये म्हणजे माझ्यासाठी थोडे नाहीत. महिन्याला डाळ, तेल, साखर, रवा, पोहे मिळून चार-पाचशे रुपये वाचतात, त्यात मुलाच्या शिकवणीची अर्धी फी जाते. स्वस्त घेतलं म्हणून बाईने मान खाली घालायची हे मला पटत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आम्ही चौघीजणी महिन्यातून एकदा तालुक्याला जातो. बाजार होतो, दवाखाना होतो, बँकेचं काम होतं. आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं असेल, हे मान्य. पण ती एक दिवसाची मोकळीक आम्हाला पहिल्यांदा मिळाली आहे.

आणि सगळेच दुकानदार तुमच्या काकांसारखे नसतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या इथल्या दुकानातून रवा आणला, घरी येऊन चाळला तर अळ्या. परत घेऊन गेले तर म्हणाले, "तुमच्या डब्यात झाल्या असतील." अर्ध्या तासापूर्वी नेलेला रवा. चारचौघांत मला खोटं पाडलं. मोबाईलवर मागवलेली वस्तू खराब निघाली तर फोटो टाकते, पैसे परत येतात, कोणी तोंड वर करून बोलत नाही. दुकान टिकावं असं वाटत असेल तर दुकानानेही काहीतरी केलं पाहिजे.

फळीमागचा | मंगळवार, दुपारी २.५०

मी स्वतः दुकानदार आहे. आडगावात दुकान, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि बायको बघतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा हे लिहितोय.

आधी चौकटीतली ताईंना. रव्याच्या बाबतीत चूक दुकानदाराचीच आहे, कारण काहीही असो. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन आमच्याकडेही धरतं. मी जूनपासून रवा पाच-सात किलोच्या वर भरत नाही, आणि कोणी परत आणला तर न बोलता बदलून देतो. पन्नास रुपयांच्या रव्यासाठी घर तुटतं. एक घर तुटलं की त्यांच्या सुना-जावा तुटतात.

आता आतलं गणित सांगतो, कारण फळीच्या पलीकडून ते दिसत नाही. साबण, बिस्किटं, चहा असल्या पाकीटबंद मालात छापील किमतीवर माझ्या हातात शंभराला आठ-दहा रुपये राहतात. त्यातून फ्रीजचं बिल, उंदीर, फुटतूट, संपलेली मुदत. सुट्या मालात जरा जास्त सुटतं, पण घट येते. पन्नास किलोचं पोतं सुटं विकायला काढलं की पन्नास किलोचे पैसे कधीच होत नाहीत. थोडं सांडतं, थोडं वाळतं, थोडं तोलताना वर जातं. कंपनीचा माणूस मोठ्या दुकानाला सांगतो, इतक्या पेट्या उचला, एक पेटी वर घ्या. मी अर्धी पेटी उचलणारा, मला त्यातलं काही नाही. त्यामुळे कधीकधी असं होतं की मोबाईलवर जो साबण लोकांना मिळतो त्या भावाला मला तो घाऊकवालासुद्धा देत नाही. मी महाग विकतो कारण मी महाग घेतो.

आणि पाखाडीताईंनी वहीबद्दल लिहिलंय त्याची दुसरी बाजू अशी. घाऊकवाला मला आठ दिवसांची मुदत देतो, फार तर पंधरा. मी गावाला देतो जून ते नारळी पौर्णिमा, कोणाकोणाला दिवाळीपर्यंत. मधल्या महिन्यांत तो पैसा माझाच अडकलेला असतो. तो कुठून यायचा? तुम्ही नोव्हेंबर ते मे या दिवसांत जी रोख खरेदी करता तिच्यातून. तीच खरेदी बाहेर गेली तर पुढच्या जूनमध्ये मी माल कशाच्या जोरावर भरू? उधारी देणं हा काही वेगळा धर्म नाही. तुमच्याच उन्हाळ्यातल्या रोखीतून तुमच्याच पावसाळ्याची सोय होत असते. एकाच माळेचे मणी आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. गिऱ्हाईकाला खूप बरं झालं, मलाही आनंद झाला. पण माझ्या फळीवरचा माल जुन्या दराने भरलेला होता आणि लोक दुसऱ्या दिवसापासून नवा भाव विचारू लागले. चतुर्थीचा हंगाम नुकताच झालेला, माल थोडाच उरला होता म्हणून वाचलो. तरी नवरात्रात मी कितीतरी वस्तू घेतल्या भावात दिल्या.

काही गोष्टी गिऱ्हाईकांनीही हक्काने सांभाळाव्यात. थंड पेयाच्या बाटलीवर गार केल्याचे दोन रुपये वर घेतात ते चूक आहे, छापील किमतीच्या वर घ्यायला कायद्याने परवानगी नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. मी ते भिंतीवरच लावलंय. गिऱ्हाईक विचारतं म्हणजे त्याला परत यायचं असतं. ज्याला यायचं नसतं तो विचारत नाही, गुपचूप दुसरीकडे जातो.

अबोली | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

मी एकवीस वर्षांची आहे, कॉलेजला रत्नागिरीला, घर खाडीकाठच्या गावात. माझ्या पिढीच्या मुली गावच्या दुकानात का जात नाहीत याचं एक कारण इथे कोणी लिहिलं नाही.

दुकानाच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ पाच-सहा पुरुष बसलेले असतात. पॅड मागायचे म्हणजे आधी ते उठायची वाट बघायची. नाहीच उठले तर मीठ घेऊन परत यायचं. मागितलेच तर दुकानदार काका वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून देतात, आणि त्या काळ्या पिशवीमुळेच सगळ्यांना कळतं. मी हे सगळं दोन वर्षं मोबाईलवरून मागवलं, ते पैसे वाचावेत म्हणून नाही. त्यात बोलावं लागत नाही म्हणून.

गेल्या मे महिन्यात त्यांची सून दुकानात बसायला लागली. तिने पहिल्या आठवड्यात एक गोष्ट केली. पॅड, केसांच्या पिना, टिकल्या, मुलींचं सगळं सामान आतल्या बाजूच्या फळीवर हलवलं आणि आम्हाला सांगितलं, "आत येऊन हाताने घ्या, पैसे गल्ल्याजवळ ठेवा." बस, एवढंच. आता आमच्या वाडीतल्या सगळ्या मुली तिथेच जातात आणि गेल्या की आणखी दोन वस्तू आणतात. पाखाडीताई, तुमच्या काकांच्या घरात कोणी सून, मुलगी असेल तर तिला विचारून बघा.

तिरफळ | मंगळवार, रात्री ९.०५

सगळ्यांनी उधारी म्हणजे देवाचा काम असा लिवलेला वाचलंय, तेवां माका थोडा बोलूचा वाटता. आमच्याकडे उधारी म्हणजे काजी. आवस मार्चात उठान काजी येचूक जाय आणि संध्याकाळी दुकानात घाली. भाव दुकानदार सांगात तो.

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. वेंगुर्ल्याच्या बाजूला माझं बालपण गेलं. पावसाळ्यातली उधारी काजूबीने फेडायची पद्धत होती. वही त्याच्याकडे, काटा त्याच्याकडे, भावही त्याचाच. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वर्षानुवर्षं आमचं पान कोरं झालं नाही. शेवटी थोरल्या भावाने सातवीत असताना स्वतःची वही घातली, रोजची बी किती आणि सामान काय ते लिहू लागला, तेव्हा दोन वर्षांत पान संपलं. त्या दुकानाबद्दल माझ्या मनात आजही माया नाही.

म्हणून एकच सांगतो. वही दोन हव्यात, एक दुकानात आणि एक घरात. आता मोबाईल आहे, बीचा बाजारभाव पोरंसुद्धा सांगतात, पूर्वीसारखी लूट चालणार नाही. पण पाखाडीताई, तुमचे काका चांगले आहेत म्हणून दुकान चांगलं आहे. ते कागदावर स्वच्छ असेल तर काकांनंतरही चांगलं राहील.

हे सगळं लिहून एक कबूल करतो. आज मी कुडाळला राहतो, माझ्या खालच्या मजल्यावर एक छोटं दुकान आहे आणि मी सगळं तिथूनच घेतो. पोरगा आठवीत आहे, त्याला मुद्दाम पाठवतो आणि आल्यावर हिशोब विचारतो.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, सकाळी ८.३०

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मावसभावाचं किराणा दुकान बाजारपेठेत, पाणी पोटमाळ्याला टेकलं. तिसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तेव्हा आत गुडघाभर चिखल आणि त्यात तांदूळ फुगून आंबलेले. तो वास अजून नाकात आहे. तेलाचे डबे उलटे तरंगून कुठल्या कुठे गेलेले. आणि उधारीच्या वह्यांचा लगदा झालेला. पानं उलगडायला गेलो तर बोटांना शाई लागत होती, अक्षर एकही नाही.

त्याने उधारी सोडून दिल्यासारखीच होती. ऑगस्टात एक बाई आली, वरच्या बाजूच्या गावची, म्हणाली, "माझे अठराशे चाळीस होते." तोपर्यंत त्याला आठवतही नव्हतं. मग एकेक येत गेले. सगळे आले नाहीत, हेही खरं. पण जे आले ते आपापला आकडा स्वतः सांगत आले. त्या पैशातून त्याने पहिली पाच पोती भरली. विमा नव्हता. सरकारी मदत मिळाली ती नंतर, आणि ती चिखल उपसण्यातच गेली.

आणि एक. पूर ओसरल्यावर बाजारपेठ कितीतरी दिवस बंद होती, नेटवर्क नव्हतं, कार्ड नाही की फोनवरचे पैसे नाहीत. त्या दिवसांत आम्ही जेवलो ते उंचावरच्या वाड्यांतल्या लहान दुकानांच्या जोरावर. लोक डोक्यावर पिशव्या घेऊन चढून जात होते. पूर येतो तेव्हा मोठं गोदाम कामाला येत नाही, कारण तिथून गाडी निघत नाही. दहा वाड्यांत दहा पोती तांदूळ पसरून ठेवलेले असतात ते कामाला येतात.

आमसूल | बुधवार, दुपारी १२.४०

आमचा बचतगट आहे, बारा बायकांचा. कोकम, कुळथाचं पीठ, मेतकूट, तांदळाच्या फेण्या.

कोकम चांगलं व्हायला काय लागतं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. फोडून बिया-गर काढायचा, सालं उन्हात घालायची, पुन्हा गराच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं कितीदा तरी. तेव्हा ते काळंभोर आणि लुसलुशीत आमसूल होतं. मध्ये एखादा वळवाचा पाऊस पडला की अख्खा घाणा जातो. म्हणजे आमचा माल एका वेळी थोडाच निघतो, आणि कधी निघेल ते आभाळावर.

तालुक्याच्या एका मोठ्या दुकानात विचारायला गेलो होतो. बारकोड हवा, दर महिन्याला ठरलेला माल हवा, पैसे दोन महिन्यांनी, न खपलेला माल तुम्ही परत न्यायचा. त्यांचंही बरोबर असेल, त्यांचा कारभार मोठा. पण आमचं बारा जणींचं ते जमणारं नव्हतं. गावच्या दुकानदाराने फळीवर एक वेताची टोपली ठेवली आणि म्हणाले, "यात ठेवत जा, खपेल तसे पैसे न्या." नोंदणी क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी मात्र पाकिटावर हवीच, हा त्यांचा आग्रह. चार वर्षं झाली. मे महिन्यात पर्यटक पाणी घ्यायला थांबतात आणि टोपलीतलं कोकम उचलतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही दुकानदारच त्यांना सांगतात.

ते दुकान बंद झालं तर आम्ही बाराजणी माल नेऊन ठेवायचा कुठे?

चौकटीतली | बुधवार, रात्री १०.०५

फळीमागचा दादांनी गणित मांडलं म्हणून मीही काल रात्री वही घेऊन बसले. गेल्या महिन्याचं सगळं सामान लिहिलं आणि आज गावच्या दुकानात जाऊन एकेक भाव विचारला.

साबण, चहा, टूथपेस्ट, बिस्किटं दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, दोन-तीन रुपयांचा फरक. डाळ, तेल, साखर गावात महाग, ते खरंच. कांदे-बटाटे, अंडी, नारळ, सुके बोंबील गावात स्वस्त आणि ताजे. तालुक्याहून येताना सामान जड होतं म्हणून स्टँडवरून घरी रिक्षा करते, तिचे दीडशे रुपये मी कधी धरलेच नव्हते. आणि तिथे गेल्यावर पोरांसाठी म्हणून जे यादीत नसलेलं घेतलं जातं, ते अडीचशेचं निघालं. सगळं धरून माझे चार-पाचशे वाचत नाहीत, साठ-सत्तर वाचतात.

तालुक्याला जाणं मी सोडणार नाही. दवाखाना आणि बँक तिथे आहे, मैत्रिणीही आहेत. पण डाळ-तेल सोडून बाकी गावातून घेईन, रोख. त्या रव्याचं मात्र मी आज दुकानदाराला तोंडावर सांगितलं, की तेव्हा तुम्ही मला चारचौघांत खोटं पाडलंत. ते गप्प बसले. मग म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी माझी चूक झाली." मला रडू आलं, का ते सांगता येत नाही.

गावचा_डोंबिवलीत | गुरुवार, सकाळी ६.५०

काल आईच्या गावच्या दुकानदारांना फोन केला. गणपतीचं सगळं सामान, मोदकाच्या पिठापासून कापूर-वातीपर्यंत, तोंडी सांगितलं आणि पैसे लगेच फोनवरून पाठवले. ते म्हणाले, "आधी माल तर बघा." म्हटलं, माल भरायला पैसे लागतील ना, असू द्या. आमच्या वाडीतली मुंबईकरांची सव्वीस घरं आहेत, त्यातल्या अकरा जणांनी यादी पाठवली आहे. बाकीच्यांना आज विचारतो.

आईचा लगेच फोन आला. दुकानदारांनी तिला निरोप दिला होता की यंदा मुलगा रिकाम्या गाडीने येतोय.

फळीमागचा | गुरुवार, दुपारी ३.१५

गावचा दादा, हे तुम्ही केलंत ते फार मोठं काम आहे. आगाऊ यादी आणि रोख आली की मी घाऊकवाल्याकडे अर्धी पेटी मागत नाही, चार पेट्या मागतो. तेव्हा तो मलाही भाव तोडून देतो आणि तो मी पुढे देऊ शकतो. चौकटीतली ताईंची डाळ महाग आहे ती याच कारणाने. पाच-सात घरांनी मिळून महिन्याची डाळ-तेल एकदम सांगितलं तर किलोमागे आठ-नऊ रुपये मी कमी करू शकतो. करतोही, पण आजवर तीनच घरांनी असं सांगितलं.

पाखाडी | रविवार, रात्री ९.२०

चार दिवस लिहायला जमलं नाही. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

गुरुवारी सकाळी जाऊन आमचं पान आधी पुरं केलं. मग तिरफळदादांनी सांगितल्याप्रमाणे शंभर पानी वही घेतली, काकांकडूनच, आणि त्यांना सांगितलं की यापुढे आमच्याकडेही लिहून ठेवणार. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "बरं होईल, माझं अक्षर आता मलाच लागत नाही."

शनिवारी आमच्या खळ्यात वाडीतल्या नऊ घरच्या बायका जमलो. पार्सलांचं पहिलं बोललो. कोणाचंही पार्सल उतरलं तर ठेवणावळ म्हणून पाच रुपये काकांना द्यायचे, हे सगळ्यांनी मान्य केलं. काका घेणार नाहीत, म्हणून गल्ल्याशेजारी डबा ठेवायचा. डाळ-तेल-साखरेची नऊ घरांची एक यादी केली, ती काकांच्या सुनेकडे दिली. ती दहावी झालेली आहे, हिशोब चांगला करते, आजवर तिला फळीपुढे कोणी बसवलंच नव्हतं. अबोलीने लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "आतली फळी रिकामीच आहे."

आज दुपारी दुकानात गेले. सांगितलं, "काका, पाच किलो डाळ द्या, रोख." त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं, मग माप हातात धरून थांबले.

"ती खोक्यातली संपली?"

म्हटलं, नाही, आहे अजून बरीच.

"मग आत्ता कशाला नेतेस? पावसाचे दिवस, डब्यात जाळी लागेल. संपली की ये." आणि मी नको नको म्हणत असताना अर्धा किलोच तोलली, पुडी बांधली आणि माझ्या नव्या वहीत स्वतः लिहून दिलं: तूरडाळ अर्धा किलो, रोख.

दसऱ्याचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.